वाळूची पोती आणि चर्चचा चढ

मिशिगन, पहिल्या बर्फानंतरचा तिसरा गुरुवार

ती. आर्व्होदादास,

धाकट्या तोइमीचा साष्टांग नमस्कार. ॲरिझोनाचं ऊन तुझ्या गुडघ्यांना मानवलं असेल, अशी आशा. इथे आम्ही खिडक्यांपर्यंत बर्फात आहोत आणि मजेत आहोत. मजेत कसले, दादा, जिंकलोय!

जाताना तू माझ्या गळ्यात घातलेली बाबांची गाडी आठवते ना? आठ सिलिंडरची, मागच्या चाकांवर जोर घेणारी, पेट्रोल ताकासारखं पिणारी. (आमची ही, लेम्पी, तिला सवत म्हणते.) यंदा बाईसाहेबांनी निक्षून सांगितलं, "बर्फातल्या पहिल्या रविवारी चर्चचा चढ चढली तर ठेव, नाहीतर सोमवारी भंगारात." ती भंगारात कशी घालू? बाबांनी आपल्या दोघांना त्याच स्टिअरिंगवर शिकवलं रे! त्यात शेजारच्या पेल्कोनेनला चेव आला. त्याची नवी गाडी (नवी म्हणजे तेवीस वर्षांची) चार सिलिंडरची, शिवणयंत्रासारखी कुरकुरते, पण तिला पुढची चाकं ओढतात. "घोडा गाडीच्या पुढे जुंपतात की मागे रे, तोइमी?" असं त्याने कॉफीच्या वेळी चारचौघांत विचारलं आणि वर त्याच चढाची शर्यतही लावली.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. हिवाळा लागला की डिकीत वाळूची पोती टाकायची, म्हणजे मागची चाकं बर्फात पकड धरतात. मी चार टाकली. पेल्कोनेनचा जन्म मागच्या चाकांच्या गाड्यांत गेलेला, त्याने सवयीने सहा टाकली! झालं. मागे बूड टेकलं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी पडली. वळणावर ती नुसती गरगरली, आणि गाडी घसरत चरात जाऊन बसली.

मग मी निघालो. (तुझ्यापासून काय लपवायचं, पहिल्या खेपेला मीही अर्ध्यातून घरंगळत खाली आलो.) पेल्कोनेन चरातूनच ओरडला, "तोइमी, भंगारवाल्याला फोन लावू का?" हे ऐकलं मात्र, आणि पायी चाललेली लेम्पी गर्रकन वळली. "ह्याची ही हिंमत! आमच्या गाडीला?" असं म्हणत तिने चर्चमध्ये गाणाऱ्या दोन धिप्पाड बायका मागच्या सीटवर कोंबल्या, स्वतः मधे घुसली नि म्हणाली, "हाण!" दादा, ते आठ सिलिंडर असे गरजले की पाद्रीबुवा प्रार्थना सोडून बाहेर आले. वर पोचलो तेव्हा मला रडू आवरेना. बाबा हवे होते रे.

तुझा विजयी भाऊ,
तोइमी

ता. क. गाडीचे कागद अजून तुझ्याच नावावर आहेत. सही करून तेवढे लगेच पाठव. नाव लेम्पीचं घाल. ती आता तिला 'माझी गाडी' म्हणते आणि मला हातसुद्धा लावू देत नाही.

आणखी एक ता. क. त्यामुळे मी सध्या पेल्कोनेनच्या गाडीतून चर्चला जातो. पोती काढल्यापासून ती कार्टी चढ एका दमात चढते. हे पत्र वाचून जाळून टाक.