बिनमेणाची कॉईल

बाबा, मी कॉईल मेणात बुडवणार नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग तुमचं ‘थांब, मले पाहू दे’ नको. उद्या दारव्ह्याला दुर्गोत्सवात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे आणि गिटारीत नवे पिकअप बसवून झालेत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तार गुंडाळलेली कुठलीही वस्तू हातात घेतली की तुम्ही मागे येऊन उभे राहता. म्हणून हे भांडण लिहूनच करतो.

तुम्हाला गिटार माहीत नव्हती, पंपाची मोटार माहीत होती, तर तसंच सांगतो. गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो, त्यात लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार छेडली की कॉईलमध्ये करंट उठतो, तोच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन निघतो. एकटी कॉईल मांडवातल्या लायटिंगची घरघरही पकडते, म्हणून दोन कॉईल उलटसुलट जोडतात. घरघर एकमेकीत मरते, सूर तेवढा राहतो. याला हमबकर म्हणतात. माझ्या गिटारीत कंपनीचे होते ते गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखे बोलायचे. नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्यानं दोन जोड्या दिल्या. दोन्ही लावून पाहा म्हणाला, नको ती परत आण. एक जोडी दणकट, जास्त फेऱ्यांची, कडक चुंबकाची, मेणात बुडवून गच्च केलेली. दुसरी कमी फेऱ्यांची, हातानं गुंडाळलेली, बिनमेणाची. मेण म्हणजे तुमचं वार्निशच समजा. तार जागची हलू नये म्हणून.

आणि वार्निश म्हटलं की दिग्रसचं तुमचं मोटारी भरायचं, जळलेल्या तारा नव्यानं गुंडाळायचं दुकान आलंच. मी आठवीत आहे. एक शेतकरी दारात उभा आहे, पंपाविना शेताचं ओलीत अडलं म्हणून घाई करून राह्यला. तुम्ही जेवायला घरी गेलेले. मी वार्निशचा एकच हात मारतो, नीट सुकू न देता मोटार त्याच्या गाडीवर चढवून देतो. ती जळून परत येते. तुम्ही ओरडत नाही. काळी पडलेली तार कापून माझ्या हातावर ठेवता आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर शांतपणे म्हणता, “तार मोकळी राह्यली का थरथरते, थरथरली का घासते, घासली का जळते. तुह्यासारखी.” लोक हसले. मी तार कापायची पेंचिस फेकून निघून गेलो. तेव्हापासून कोणी मला शांत राहा म्हटलं की आधी माझे कानच गरम होतात. यवतमाळचं कॉलेज मधेच सोडलं तेव्हाही तसंच झालं. काकानं तुमचं नाव काढून मला झापलं, म्हणाला दुकानात बस, मोटारी भर. मी म्हटलं, तुम्हीच बसा. तो बसलाच आहे.

तर पिकअपचं. मास्तरांच्या घरामागच्या खोलीत आमची तालीम असते. मास्तर कीबोर्ड वाजवतात आणि ऑर्केस्ट्रा त्यांचा आहे. पहिल्यांदा दणकट जोडी लावली, ढोलकीवाला खूश, भिंती हलल्या. पण ती गायला लागली आणि तिचा आवाज कुठं गेला तेच कळेना. ती म्हणजे आमच्यात गाते ती, याहून जास्त तुम्हाला सांगणार नाही. मग मी दुसरी जोडी लावली. बोट न् बोट वेगळं ऐकू यायला लागलं. ती माझ्या बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये गाण्याचे शब्द पाहते आहे, मान गिटारीवर वाकलेली, आणि ढोलकीवाला काहीतरी वात्रट बोलतो. ती हसते. आणि तिचं हसू, बाबा, स्पीकरमधून येतं. बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, पण तिचंच. मेण नाही, म्हणून तिच्या आवाजानंही कॉईल थरथरली. सगळे थांबले. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, “हे तं कान लावून बसली आहे. उद्या मोठ्या स्पीकरसमोर त्याचाच आवाज पकडून शिट्टी मारते का नाही पाह्य. शिट्टी वाजली का तू स्टेजवरून खाली, अन् पुढच्या कार्यक्रमाला येऊच नको. गिटारचं काम मी कीबोर्डवर भागवतो.” ढोलकीवाल्यानं कानात सांगितलं, मेणबत्त्या वितळव न बे, बुडव, झालं. घडीभराचं तर काम.

नाही बुडवली. दणकट जोडी तिचा गळा खाते, ती नको. आणि हिला मेण पाजलं की ही बहिरी होईल. तुमचा नियम पंपासाठी असेल बरोबर. मोटारीनं गप राहावं, पाणी ओढावं. पण सगळ्याच तारा विहिरीवर बसवायच्या नसतात. मी स्पीकरपासून दूर उभा राहीन, आवाज थोडा खाली ठेवीन, गाणं थांबलं की तारांवर हात ठेवीन. तरी वाजलीच शिट्टी तर वाजली. उतरवतील खाली. उतरेन, पण काकाच्या दुकानात जाणार नाही आणि तुमचं म्हणणं खरं निघालं असंही म्हणणार नाही. थरथरते म्हणून जळते म्हणालात नं, जळू द्या. गच्च होऊन पडून राहायचं मला जमत नाही, तुम्ही होतात तेव्हाही जमलं नाही.

आता हा कागद कुठं टाकणार? फाडीनच. पण फाडायच्या आधी एक. आज तालीम संपल्यावर ती थांबली होती. बाकीचे सामान बाहेर नेत होते, खोलीत आम्ही दोघंच. तिनं विचारलं, “काहून रे, मास्तर एवढे बोलून राह्यले, तरी हेच कायले लावलं?” मी गिटारीकडे पाहत म्हणालो, त्या दुसऱ्या जोडीचे स्क्रू बसत नव्हते. ती बरं म्हणाली आणि गेली.

स्क्रू बसत होते, बाबा.