निळा नको, म्हणालीस

घुग्घुस
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

हर्षे,

बरी असशील. मी बरी आहे, खोकला सोडला तर. आणि घुग्घुसमध्ये खोकल्याला कोणी आजार म्हणत नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी तुला सोल्डरिंगच्या गोष्टी सांगत बसते आणि बाकीचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

आधी कामाचं. तुझ्या गिटारचं कंप्रेसर पेडल वाजायला लागलं आहे. तार जोरात छेडली की आवाज दाबतं, हळू छेडली की उचलतं, तुला हवं होतं अगदी तसं. आत एक एलईडी आहे आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा रेझिस्टर. गिटार जोरात वाजली की एलईडी पेटतो, रेझिस्टरला ते कळतं आणि आवाज खाली येतो. दोघांना काळ्या नळीत बंद करावं लागतं. पहिल्यांदा मी नळीचं एक टोक उघडंच ठेवलं, ट्यूबलाइटचा उजेड आत शिरला आणि पेडल घूं घूं करत बसलं. अठरा वर्षं आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि ही चूक.

पेडलच्या डब्याला रंगाचा पहिला हात अंगणात मारला. आपल्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात हे मला माहीत नाही का? पण मारला. तासाभरात ओल्या रंगावर काळी पूड बसली, बोटाने पुसली तर आणखी पसरली. शेजारच्या इंदुताई कपडे वाळत घालत होत्या.

"काऊन वं मॅडम, डब्बा रंगवून राह्यली का?"

"हर्षासाठी आहे, इंदुताई. गिटारचा."

"टिफिन वाटला मले. म्हटलं, टिफिनले बटणं काऊन लावले?" मग जवळ येऊन बघत म्हणाल्या, "इथी सुकवशीन तं आजच काळा होईल तो. आमच्या घरची टोपली ने, वरून ओलं फडकं टाक."

टोपली आणली. डबा पॉलिश पेपरने घासला, पुन्हा निळा मारला. रंग बाबांच्या पेटीवरून जुळवला होता. 'भीमज्योत गायन पार्टी' हे पांढरं अक्षर आहे ना पेटीवर, त्याच्या मागचा निळा. दुकानात पेटीचं झाकणच घेऊन गेले होते. फार सुंदर झाला डबा. मी तुला फोटो पाठवला.

आणि तू फोन केलास. "ताई, मस्त झालंय, पण निळा नको ना. स्टेजवर लोक लगेच ओळखतात. राखाडी दे, काळा दे, कुठलाही दे."

मी म्हटलं, "बरं."

नंतर तू पाठवलेलं बावीस तारखेच्या कार्यक्रमाचं पोस्टर उघडून पाहिलं. आधी नीट पाहिलं नव्हतं. त्यावर तुझं नाव आहे: हर्षा राम. बाबांच्या 'रामाजी'तला फक्त 'राम' ठेवलास, आडनावही काढून टाकलंस. आपल्या बापाचं नाव कापून तू एक दुसराच बाप तयार केलास.

मला तुझी किळस आली. असं मोठ्या बहिणीने लिहू नये, पण आली. मी जेवायला बसले होते, ताट तसंच सारलं.

मंगळवारी रंग काढला. रंग काढायचं ते औषध लावलं की रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो, फुगतो आणि पातीने खरवडला की लिबलिबीत होऊन बोटांना चिकटतो. वास घशात उतरतो. मी नाकाला ओढणी बांधून खरवडत होते आणि मनात तुला बोलत होते, जे तोंडात येईल ते. हात तीनदा साबणाने धुतले तरी नखांत निळं राहिलं. त्या निळ्याचीही किळस येत होती, आणि त्याची जास्त लाज वाटली.

गुरुवारी राखाडी मारला. आतली बाजू मात्र निळीच ठेवली. झाकण उघडेल त्यालाच दिसेल, म्हटलं. हर्षाही खूश, बाबाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की इंदुताईंना बोलावून दाखवलं.

त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, बाहेर पाहिलं. "चांगला रंग तं आत लपवला तू," म्हणाल्या. "कोनाच्या भेवानं?"

त्यांना काही म्हणायचं नव्हतं, सहज विचारलं. मी झाकण लावलं. त्याचं उत्तर तुला माहीत आहे. सतरा वर्षं माहीत आहे, आणि तू कधी बोलली नाहीस.

चंद्रपूरची माझी खोली. दारावर पाटी होती, 'सत्यशीला मॅडम', एवढीच. बाबांचा फोन आला की ते पहिला शब्द "जयभीम" म्हणायचे आणि मी "हं, बोला" म्हणायचे, भिंतीपलीकडे घरमालकीण होती म्हणून. त्या सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्याच दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमाला बाबा तुला घेऊन आले. तू अकरा वर्षांची. पेटीचा भाता फाटला होता. मी तो शिवून द्यायचा, दोन घास खाऊन त्यांनी पार्टीसोबत जायचं, असं ठरलं होतं. पायरीवर घरमालकीण उभी. तिने निळी पेटी पाहिली, अक्षरं वाचली आणि मला विचारलं, "कोण हो हे?"

मी म्हटलं, "गावाकडचे आहेत. पेटी दुरुस्तीला आणलीय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्याकडे बघून म्हणाले, "हो जी. मॅडमचं नाव आयकलं होतं, म्हून आलो." मग मला विचारलं, "होईन का दुरुस्त, मॅडम?"

मी म्हटलं, "उद्या या."

तू 'ताई' म्हणायला तोंड उघडलं होतंस. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तू तोंड मिटलंस. तुम्ही पाणीही न पिता गेलात. त्या दिवशी बाबा पेटीशिवाय गायले. पेटी माझ्या खाटेखाली होती, अक्षरं भिंतीकडे करून. त्या खोलीत मी आणखी सहा वर्षं राहिले, हर्षा. बाबांनी मरेपर्यंत ही गोष्ट काढली नाही. मला वाटायचं, तूही विसरलीस. तू विसरली नव्हतीस, शिकली होतीस. तू बापाचं नाव कापलंस ती कात्री माझी आहे.

मंगळवारी जे जे तुला बोलले, ते परत घेते. ते माझ्या पत्त्यावरचं होतं.

काल दुपारी राखाडी खरवडला. तोच वास, तोच लिबलिबीतपणा, पण या वेळी ओढणी बांधली नाही. आज सकाळपासून पुन्हा निळा. पत्र लिहिते आहे तोवर टोपलीखाली तिसरा हात सुकतो आहे. एका कोपऱ्यात कोळशाचे चार कण बसलेच, ते राहू दिले.

उद्या कुरियर करते, बावीसच्या आत पोचेल. तुझ्या त्या शहरात तुला एकटीला राहायचं आहे, तिथले लोक तुला माहीत, मला नाही. तुला राखाडी मारायचा असेल तर मार; डबा तुझा आहे, मी रागावणार नाही. फक्त मी माझ्या हाताने मारणार नाही.

पोचला की फोन कर. तासावर असले, स्टाफरूममध्ये सगळे बसलेले असले, तरी उचलीन. पहिला शब्द मी म्हणेन.

जयभीम.

तुझी ताई,
सत्यशीला रामाजी खोब्रागडे