नव्या पेटीत तुझं गाणं नाही

संगमनेर,
ता. १२ डिसेंबर १९९६

चि. प्रज्ञास,
दादाचा जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. थंडी चांगली पडलीय. रस्त्यावर गाड्या वाढल्यात, हॉटेलात दम खायला फुरसत नाही. तुझी वहिनी दीपा आठवण काढते.

बातमी म्हणजे आपण नवा ज्यूकबॉक्स घेतला. जुन्याची सुई सारखी अडकायची, गिऱ्हाईक हसायचं. पुण्याला जाऊन दोन पाहिले. एक आपल्यासारखाच, रेकॉर्डवाला, दुरुस्त करून लखलखीत केलेला. दुसरा सीडीचा. दुकानदार म्हणाला, "जुना घ्या, घरच्या रेकॉर्ड चालतील."

ते ऐकलं आणि मी सीडीचा घेतला.

तुझी एकच रेकॉर्ड निघाली होती. तू त्या हार्मोनियमवाल्याबरोबर निघून गेलीस, तेव्हापासून आप्पा रोज सकाळी ती लावायचे. हॉटेल मी चालवायचं, त्यांचे पाय मी चेपायचे, आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं तुला!

नवं मशीन आलं तेव्हा त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली.

"म्हयंद्रा, पोरीचं गानं कुठं हाय?"

"यात नाही."

"मंग जुनी पेटी?"

"भंगारात दिली. रेकॉर्डसकट."

आप्पांनी जेवण सोडलं. "पोरीला बोलाव, तोंडानं म्हनंल ती," एवढाच धोशा. दीपाही म्हणाली, "बोलवा की वन्संना." मग एका दुपारी मी आप्पांपुढं बसलो आणि सांगून टाकलं, "प्रज्ञा वारली. उन्हाळ्यातच."

रडले नाहीत. "लई तरास झाला का रं तिला?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "झाला."

विहारात तुझा जलदान विधी केला. अख्खी वस्ती जेवून गेली. दीपा पोळ्या लाटताना रडत होती, तिला दम भरलाय. आता आप्पा माझ्या हातून जेवतात. "तूच रं बाबा आता," म्हणून डोक्यावर हात ठेवतात. जन्मात पहिल्यांदा.

तू लिहितेस, रविवारी येते, आप्पांच्या पाया पडते. येऊ नकोस. त्यांचं काळीज थकलंय, धक्का सोसणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मेलेली लेक दारात उभी दिसली तर काय होईल, ते तूच ठरव. मारणारी तू असशील, मी नाही.

उत्तर पाठवू नकोस. पोस्टमन आप्पांच्या हातात देईल.

आप्पांचं एकुलतं एक लेकरू,
महेंद्र