सोपानरावाचा त्रिशूळ

मंगळवार, संध्याकाळ. अहमदपूर.

जिंकलो! हातउसने दिलेले पैसे परत मागितले म्हणून हा व्यापारी सोपानराव वर्षभर मलाच खोटारडा म्हणत होता. गावोगाव भाषणं देणाऱ्या माझ्यासारख्याने खोटारडा ठरून व्यासपीठावर उभं राहायचं कोणत्या तोंडाने?

पैसे घेताना त्याने लिहून दिलेली चिठ्ठी मी कोर्टात दिली होती. आज म्हणाला, "चिठ्ठीवरचं अक्षर माझं न्हाई." न्यायाधीशांनी कोरा कागद दिला, "लिहा चार ओळी." पठ्ठ्याने अक्षर बदललं, पण सवयीचा हात आधी कागदाच्या माथ्यावर गेला: 'खंडोबा प्रसन्न', शेजारी वाकडा त्रिशूळ. चिठ्ठीवर होता तसाच!

मी बोलायला उठणार, तोच माझे साक्षीदार जलीलभाई शिंपी कुजबुजले, "बसा सर. त्याचा देवच बोलून राहिला."

सोपानराव त्या त्रिशूळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घेतले होते."

न बोलता जिंकलो, मी? उद्याच्या सभेत मात्र माझ्या हातून माईक कुणी काढून दाखवावा!