चारपैकी किती

३ फेब्रुवारी
वही, आठ महिने तुला हात लावला नाही, माफ कर. सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. नोकरी लागली! स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्यांचं निवासी केंद्र आहे. पिवळ्या भिंती, शिवणाची खोली, ऐसपैस स्वयंपाकघर. माझं काम प्रश्नावलीचं. स्वयंपाक, खरेदी, बोलणं, लिहिणं असे तेरा प्रश्न. आठवडाभरात काय कितपत जमलं ते ज्याचं त्याने सांगायचं, शून्य ते चार. ते पेन्सिलीने लिहितात, मी शाईने पक्कं करते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, दर आठवड्याला स्वतःचाही एक फॉर्म भरा, खरं सांगणं किती जड जातं ते कळेल. भरला. स्वयंपाक चार. आपणहून कुणाशी बोलणं, दोन. तिथे तीन लिहून खोडले.

१० फेब्रुवारी
शिवणखोलीतल्या एका बाईंना सगळे मास्तरीण म्हणतात, कारण त्या प्रत्येकाला उसवून पुन्हा शिवायला लावतात. माझ्याच वयाच्या. मला म्हणाल्या, तुमची एक बाही लांब आहे, शिंपी डुलक्या घेत होता वाटतं. आम्ही दोघी हसलो. त्यांची बेरीज चव्वेचाळीस. माझी छत्तीस. जरा टोचलं. महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत बेरीज चाळिसाच्या वर राहिली, तर त्या कायमच्या घरी जाणार. नवरा दर मंगळवारी येतो, बाकावर बसून शेजाऱ्यांच्या भांडणांसकट सगळं सांगतो. माझा तीन वर्षांपूर्वी निघून गेला. बोलत तो आधीही नव्हताच.

१७ फेब्रुवारी
मास्तरिणींनी स्वयंपाकाला चार लिहिले. भाजी थोडी करपली होती, मी पाहिली होती. दोन केले. वेगळं दिसलं तर बदलायची मुभा आहे मला, फक्त कारण लिहायचं. लिहिलं नाही. दुसऱ्या कुणाची भाजी असती, तर मी झाकण उघडून पाहिलं असतं का?

१८ फेब्रुवारी
संध्याकाळी तांदूळ हातात घेऊन गॅसपुढे उभी. पुढे काय करायचं ते आठवेना. पंधरा मिनिटं तशीच. शेवटी बिस्किटं खाल्ली. दमले असेन.

२४ फेब्रुवारी
अजून बिस्किटंच.
मास्तरीण आणि नवरा, ती दोघं बाकावर खिदळत होती. मी जवळून गेले तशी गप्प झाली. त्यांच्या स्वयंपाकाचे दोन तसेच ठेवले. आपणहून बोलणं: चाराचा शून्य केला. कारण काय लिहिणार?
घरी येते तोच धाकट्या बहिणीचा फोन. तोंड उघडलं, आवाज फुटेना. ती म्हणाली, ताई, रुसलीस का गं? वाट पाहिली. मग ठेवला.

२६ फेब्रुवारी
आवाज नाहीच. सगळ्यांना वाटतं घसा बसलाय. मास्तरिणींनी गरम पाणी आणून दिलं. नवऱ्याला लिहिलेलं पत्र दाखवलं, चार पानं, एकही खाडाखोड नाही. मला असं कधी कुणाला लिहिता— त्यांचा फॉर्म अजून माझ्याकडेच होता. लिहिणं: शून्य. शाईने. नेऊन दिला.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी त्यांना बेरीज सांगितली. चौतीस. त्या माझ्या टेबलाशी आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, माझे आकडे तुम्ही कमी केलेत ना? उद्या बैठकीत सांगा हो. मला घरी जायचंय."
मान हलवली. एवढंच जमलं.

२७, संध्याकाळ
माझा फॉर्म काढला. स्वयंपाक— शून्य. बोलणं— शून्य. मास्तरिणीचं काहीच गेलेलं नाही, ती रांधते, बोलते. मी तिच्या ज्या ओळीत कमी केलं, त्या ओळीतलं माझं—
आणि काल लिहिणं.
अक्षर वाकडं येतंय. मघाशी र कसा काढतात तेच— बोलता येणार नाही. चिठ्ठीच द्यावी लागेल. तोवर टिकलं तर—
उद्या: डॉक्टरीणबाईंना लिहून द्यायचं, तिची खरी बेरीज चव्वेचा