तुमच्या घरातली माझी जागा

आई, यांना तुमच्या गावी ठेवून मी एकटी नेरूळला परत आले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घराचा विषय निघाला की आधी तुमच्या कानावर घालायला हवं असं वाटतं, ती सवय काही जात नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या नावानं आलेली पत्रं हेच वाचून दाखवायचे. हे पत्र मात्र त्यांच्या हाती पडू नये असं आहे, म्हणून तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहिते आणि लिहिलेलं हळू आवाजात वाचत जाते.

मामंजी गेल्यावर आम्ही तुम्हाला इथे आणलं होतं, आठवतं? हाच फ्लॅट. तेव्हा बिल्डिंग नवी होती आणि समोरचा प्लॉट मोकळा. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली, त्यामुळे मला हे नेरूळच गाव वाटायचं. इतकं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही मात्र गॅलरीत उभ्या राहून खाली बघत राहायचात, जणू कुणी ओळखीचं जाईल तर हाक मारू. मी बेलापूरच्या ऑफिसातून संध्याकाळी यायचे. एकदा जिना चढून येते तर दार सताड उघडं, आणि तुम्ही उंबऱ्यातच पाय पसरून वाकळ शिवत बसलेल्या. डाव्या हातात सुई. वरच्या मजल्यावरची माणसं तुमच्या पायांना वळसा घालून चालली आहेत. दिवसभराची दमणूक होती, मी जरा तोडूनच बोलले, "आई, दार लावून बसत जा. इथे कोणीही घुसतं." तुम्ही मान वर केली नाहीत. "दार लावून बसाया काय मेलंय का हितं कोन?" एवढंच म्हणालात आणि दोरा दातानं तोडलात. मी आत जाऊन ओट्याशी रडले. थोड्या वेळानं तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "मला न्हाई गमत गं पोरी. कुनाचं तरी तोंड दिसाया नको का?" म्हणालात. तुम्हाला पुन्हा कुणी काही म्हणालं नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून दार बंद राहू लागलं आणि उन्हाळ्यात तुम्ही गावी निघालात. निघताना ती वाकळ माझ्या पलंगावर घालून गेलात. एक पट्टी तुमच्या लुगड्याची, एक माझ्या ऑफिसच्या साडीची. "निम्मी तू, निम्मी मी," असं म्हणून हसलात. तुम्ही इतक्या मोकळेपणानं हसलेलं मी तेवढंच पाहिलं. त्यानंतर तुम्ही इथे पुन्हा आला नाहीत.

आता यांच्याबद्दल सांगते. तळोज्याच्या केमिकल कंपनीत यांची सगळी नोकरी झाली, आणि तरुणपणी सिगारेटी होत्याच. कशानं झालं ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत, पण निवृत्तीनंतर यांचा श्वास पुरेनासा झाला. स्टेशनपर्यंत चालत गेले तरी वाटेत दोनदा थांबायचे आणि कुणी ओळखीचं भेटलं तर मोबाइल बघण्याचं निमित्त करायचे. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू झालं, धूळ सुरू झाली, तशी आम्ही गॅलरीची काच बंद ठेवू लागलो. दार बंद, काच बंद. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "आपण गावी जाऊ या."

"चार दिवस?"

"राहायला."

मी म्हटलं, "तिकडे रात्री-अपरात्री काही झालं तर? इथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे."

"तिकडे काही होणारच नाही," हे म्हणाले.

आई, मला जायचं नव्हतं. सकाळी करावे गावाच्या बाजूला खाडीकाठी आम्ही बायका फिरायला जातो. बाजारातल्या भाजीवालीला मला काय हवं ते न सांगता कळतं. मुलगी खारघरला, रविवारी येते. मला हे सगळं उभं करायला आयुष्य लागलं होतं. पण या माणसाला जेवताना धाप लागलेली बघत बसणंही होईना. शेवटी ठरलं की दिवाळीनंतर जायचं, होळीपर्यंत राहून बघायचं आणि मग काय ते नक्की करायचं.

घर चुलत दिरांनी नीट ठेवलं होतं. पत्रे नवे, बाकी सगळं तुम्ही सोडून गेलात तसं. यांच्यात तर आठवड्याभरात फरक पडला. महिन्याभरात हे डोंगराकडच्या वावरापर्यंत चालत जाऊन यायला लागले. मी ओसरीवर बसून त्यांची पाठ लहान होत गेलेली बघायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं आलो.

आल्या आल्या पहिल्यांदा भेटायला आल्या त्या पलीकडच्या घरातल्या आत्या. आता त्यांना दिसत नाही, भिंतीला हात लावत येतात. ओसरीशी थांबून म्हणाल्या, "वैनी, कवा आलीसा? लई दिस लावलं." मी म्हटलं, परवाच आलो. गावात कुणीही कुणाला वहिनी म्हणतं, मला त्यात काही वाटलं नाही. त्या रोज येऊ लागल्या. बोलायच्या ते सगळं जुनं: कुणाची म्हैस आटली, कुणाच्या लग्नात काय झालं. मी हुंकार भरायचे. एक दिवस दिरांना मी सहज म्हटलं, "आत्या मला वहिनी म्हणतात, मी तर त्यांना सुनेसारखी." "त्या मला बाळ म्हणत्यात, माज्या बायकुला पोरी म्हणत्यात," ते म्हणाले. "वैनी त्या फक्त थोरल्या काकीला म्हणायच्या." थोरली काकी म्हणजे तुम्ही.

म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ, असं म्हणून मी सोडून दिलं. पण मग एका सकाळी मी अंगण झाडत होते आणि जाऊबाई, म्हणजे दिरांची बायको, कळशी घेऊन जाता जाता थबकली. बघतच राहिली. "काय गं?" मी विचारलं. "काय न्हाई. हुबेहूब काकींगत झाडतायसा, म्हनून बघितलं." मी खाली पाहिलं. खराटा माझ्या डाव्या हातात होता. आई, मी उजव्या हाताची आहे. डाव्या हातानं मला धड कुलूपही उघडता येत नाही. आणि मागे सबंध अंगणभर खराट्याच्या रेघा उमटल्या होत्या, एकसारख्या, एका दमात काढाव्यात तशा.

त्यानंतर मी स्वतःवर नजर ठेवायला लागले. ठेवावी तेवढी उलट भीती वाढते. लाइट गेले की मी काड्यापेटी न शोधता देवळीत हात घालते आणि काड्यापेटी तिथे असते. मी ती तिथे ठेवलेली नसते. दीर अंगणात आले की माझा पदर डोक्यावर जातो. कुणाच्या घरी कोणती भाजी पाठवायची नाही, कोण कुणाशी बोलत नाही, हे मला ठाऊक असतं. कुणी सांगितलं ते आठवायला गेले तर सांगणारं माणूस सापडत नाही. माझी रोजची औषधाची गोळी घ्यायची मी चारचार दिवस विसरले. मुलीचा फोन आला की तिचं बोलणं लांबचं वाटायचं, कुठल्या तरी लग्न करून दिलेल्या भाचीचं असावं तसं. आणि यातलं काहीही त्या वेळी भीतीदायक वाटत नव्हतं. गोड झोप लागावी तसं लागत होतं ते. भीती वाटायची ती मधूनच, जाग आल्यासारखं झालं की.

मग ती दुपार आली. हे अंगणात लाकडं फोडत होते. नेरूळला भाजीची पिशवी न उचलवणारा माणूस उघड्या अंगानं कुऱ्हाड चालवत होता, आणि मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. कुऱ्हाड टेकवून, माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, "आई, पाणी दे गं."

मी उठले. तांब्या भरून आणला आणि यांच्या हातात दिला. घटाघटा प्यायला लागले तशी मी म्हणाले, "दमानं पी बाबा. ठसका लागंल."

आई, हे मी म्हणाले. "लागंल" म्हणाले. गिरगावात वाढलेली मी, लग्नानंतरही तुमची बोली मला कधी बोलता आली नाही; प्रयत्न केला की तुम्ही सगळ्या हसायचात. आणि आवाज माझा नव्हता. हे मात्र पाणी प्यायले, तोंड पुसलं, रिकामा तांब्या परत दिला आणि पुन्हा लाकडांकडे वळले. ना त्यांना "आई" म्हटल्याचं कळलं, ना उत्तर कुणी दिलं ते कळलं. मी तांब्या घेऊन उन्हात उभी राहिले आणि माझं स्वतःचं नाव मनात घेऊन बघितलं. ते यायला वेळ लागला.

संध्याकाळी मी यांना सांगितलं, उद्याच्या एसटीनं मी जाते.

"होळीपर्यंत ठरलं होतं," हे म्हणाले.

"हो."

"काय झालं? कुणी बोललं का?"

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. पण यांचा चेहरा इतका भरला होता, गालावर रंग होता. मी म्हटलं, "तुम्हाला तिकडे श्वास पुरत नाही. मला इथे मी पुरत नाही. दुसरीच कुणीतरी होत चालले आहे."

यांनी फोडलेली दोन लाकडं चुलीशी नेऊन ठेवली. मग म्हणाले, "मी तिकडे आलो तर मरेन गं."

"माहीत आहे. म्हणून तुम्हाला चला म्हणत नाही."

सकाळी यांनीच माझी बॅग स्टँडपर्यंत आणली. वाटेत कुठेही थांबले नाहीत, धाप लागली नाही. आत्या त्यांच्या दारात बसल्या होत्या. मी पाया पडले तर माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "कोन गं तू, पोरी?" मला रडूच कोसळलं. त्यांनी मला ओळखलं नाही, याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

इथे आले आणि सगळं आपोआप जागेवर आलं. गोळ्या आठवू लागल्या. खाडीकाठच्या बायकांनी ओरडून स्वागत केलं. पहिले काही दिवस मी यांना सारखी फोन करायचे, काय खाल्लंत, कुणी केलं. हे म्हणायचे, करतो मी खिचडी, भावाकडून येतं काहीबाही. मग हळूहळू तसं सांगणं थांबलं.

एका रविवारी मुलगी आली होती. जेवणाच्या सुमारास तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. हे ओसरीवर बसल्याचं सांगत होते, आंब्याला मोहोर कसा आलाय ते सांगत होते, आणि मागे, घराच्या आतून, आवाज येत होता. थप, थप, थप. मग जरा थांबून, तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरल्यावर येतो तो चर्र आवाज. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, भाकऱ्या कोण थापतंय? बाई ठेवली का?"

"बाई? नाही गं. मी एकटाच आहे."

"अहो, आवाज येतोय."

"शेजारचा असेल."

मी फोन जवळ घेतला. "तुमच्या भाकऱ्या कोण करतं?" विचारलं.

"कोण करतं म्हणजे?" हे अगदी सहज म्हणाले. "होतात."

मुलीनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. वाटलं असेल तिला, बाबांनी कुणी कामाला ठेवली आहे आणि आईला सांगायला लाजतात. मी तिला तसंच वाटू दिलं. पण त्या गावात भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईच्या हातात काचेचा चुडा असतो, प्रत्येक थापेबरोबर तो वाजतो. फोनवर नुसते हात ऐकू येत होते. मामंजी गेल्यावर तुमचे हात असेच मोकळे झाले होते.

तेव्हापासून मी रोज जेवणाच्या वेळीच फोन करते. यांच्याशी इकडचं तिकडचं बोलते आणि मागचं ऐकते. कधी भांडं सरकवल्याचा आवाज, कधी चुलीत फुंकर. मी पुन्हा विचारलेलं नाही. यांचं वजन वाढलं आहे. खोकला नाही. पूर्वी प्रत्येक फोनला "कधी येतेस?" असायचं, आता ते नसतं. मुलीला वाटतं मी यामुळे मनातून खचले आहे. ती मला गावी सोडायला स्वतः यायला तयार आहे. मी तिला उन्हाळा-पावसाळा जाऊन थंडी पडू दे म्हणते.

आई, मी खचलेली नाही. तो आवाज आला की मला हायसं वाटतं. फोन ठेवून मी माझ्यापुरता भात लावते, दार कडी न घालता नुसतं लोटून ठेवते आणि निवांत जेवते. परवा सोसायटीचे सेक्रेटरी आले होते, त्यांना आता ते काम झेपत नाही. "मॅडम, सेक्रेटरीपद तुम्हीच घ्या. साहेब गावी, तुम्हाला काय टेन्शन?" म्हणाले. एकदा घेतलं की वर्षभर हलता येत नाही, हे मला माहीत होतं. मी हो म्हटलं. यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.