उजवा कौल

निरवांगी,
५ डिसेंबर १९९७

चि. दीपक व सूनबाई यांना आबाचा आशीर्वाद.

तुम्ही सहलीला जाणार होतात त्या इजिप्तमध्ये देवळापाशी फिरायला आलेल्यांना गोळ्या घातल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हापासून मला घास उतरत नव्हता. तू फोनवर म्हणालास, "आबा, बिरोबाला कौल लावा. देव न्हाय म्हणला तर तिकिटं रद्द करतो." पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. उजवं पडलं. म्हणजे खुशाल जा. मला पटेना म्हणून तीनदा लावायला सांगितलं. तीनदा उजवंच पडलं.

तुला मात्र मी डावं सांगितलं.

सूनबाई वर्षभर त्या सहलीची वाट पाहत होती. तरी हसून म्हणाली, "असू द्या आबा, पिरॅमिडऐवजी कारखान्यावरचा उसाच्या चिपाडाचा ढीग बघू." ते हसणं मला फार लागलं.

आता तुम्ही मोटारीने इकडे येणार, तर मला रस्त्याचीच भीती वाटते. काल पुन्हा देवळात गेलो. पुजारी म्हणाला, "आबा, आता काय इचारायचं?" देवाच्या नावावर खोटं बोललेलं तोंड माझं, ते उघडेना. तसाच परत आलो.

तुमची मोटार अंगणात लागली, की हे पत्र चुलीत घालीन.

तुझा,
आबा